‘काही नाही, पाय घसरला’ म्हणणाऱ्या बाईचा जबाब कसा घ्यायचा

प्रश्न बेळगाव भागातल्या महिला पोलीस स्टेशनात नव्याने रुजू झालेल्या एका पीएसआयचा आहे. मातृभाषा कन्नड, मराठी कामापुरती. निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडच्या मराठी बायका समोर येऊन बसतात, दोन वाक्यं बोलतात, ‘काही नाही, पाय घसरला’ म्हणून उठतात. काही जणी तक्रार देतात आणि आठवड्याने येऊन ‘मिटलं’ म्हणतात. यांचा विश्वास मिळवायचा कसा?

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. चहा मागवला, ‘ताई’ म्हटलं, आवाज मऊ केला म्हणजे विश्वास बसला, असं आपल्याकडे समजतात. त्या बाईने गोड बोलणं पुष्कळ ऐकलेलं असतं. मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी नवराही गोडच बोलतो. तिला मिळालेला नसतो तो ताबा: कधी बोलायचं, कुणाशी बोलायचं, पैसे कुठे ठेवायचे, माहेरी कधी जायचं. तपासणाऱ्याने दोन गोष्टी करायच्या. लहान लहान निर्णय तिच्या हातात परत द्यायचे आणि पुढे काय होणार ते खरं सांगायचं. खाली जे लिहिलं आहे ते या दोन गोष्टींचाच तपशील आहे.

समोर बसलेली बाई किती दुर्मिळ आहे हेही ध्यानात ठेवा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी, आणि ७७ टक्क्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या पाहणीचा एक नियम तपासातही उचलण्यासारखा आहे. हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारायचे, आणि पूर्ण एकांत मिळाला तरच. एकांत नसेल तर तो भागच सोडून द्यायचा. स्टेशनात मात्र हेच प्रश्न हवालदार, दीर आणि दोन शेजारी उभे असताना विचारले जातात, आणि वर ‘बाई बोलतच नाही’ अशी तक्रार असते.

भेटीआधी

तिला बोलावण्याआधी कागद चाळा. ११२ ला पूर्वी फोन आला होता का, आधीचा अर्ज आहे का, त्यावर कुणी काय शेरा मारला? आधीच्या साहेबांनी ‘समज देऊन पाठवले’ असं लिहून फाईल बंद केली असेल तर तिच्या लेखी तुम्ही तेच साहेब आहात. मग पहिल्या पाच मिनिटांत ते तुम्हीच काढा: ‘मागे आला होता तेव्हा परत पाठवलं होतं, ते मी वाचलंय.’ बचाव करू नका, कारणं देऊ नका.

जागा तिला विचारून ठरवा. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७९ प्रमाणे बाईला साक्षीसाठी तिच्या राहत्या ठिकाणाबाहेर येण्याची सक्ती करता येत नाही. पण राहतं ठिकाण म्हणजे सासर असेल तर हे संरक्षण उलटं फिरतं, कारण पलीकडच्या खोलीत सासू बसलेली असते. तिची तयारी असेल तर माहेर, सखी केंद्र (पीडित स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र निवडा, आणि जागा तिच्या पसंतीची आहे हे लिहून ठेवा. गरोदर बाईला तपासणीच्या दिवशी आरोग्य केंद्रात भेटणं सर्वांत सोपं, घरी कुणाला शंका येत नाही. आशाताई किंवा अंगणवाडीताईंमार्फत निरोप देणार असाल तर आधी त्यांचं नातं विचारून घ्या. गाव लहान असतं, आशाताई नवऱ्याची चुलतबहीण निघते.

जीप गल्लीच्या तोंडाशी नको. साध्या कपड्यात जा. नवऱ्याची कामाची पाळी विचारा: वडगाव-खासबागचा माग, उद्यमबागची फौंड्री, खानापूरकडचे पुष्कळ जण गोव्याला कामाला, त्यांचा घरी येण्याचा वार ठरलेला असतो. तिचाही दिवस बघा. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर मोजतात. तुमच्याकडे दोन तास बसली तर तेवढ्या विड्या बुडाल्या, आणि घरी त्याचा हिशेब मागितला जातो. उशीर का झाला याचं पटेल असं कारण काय सांगणार, हे तिला आधीच विचारा.

खोलीत टेबल मध्ये नको. खुर्च्या सारख्या उंचीच्या, थोड्या तिरक्या. दाराजवळची खुर्ची तिची. तुम्ही दार आणि ती यांच्या मध्ये बसू नका. पाणी हाताशी ठेवा, बाथरूम कुठे ते दाखवा. तीन-चार वर्षांचं मूलसुद्धा घरी जाऊन ‘आई पोलिसांना बाबांचं सांगत होती’ असं बोलून जातं, म्हणून मुलाला सांभाळायला एक महिला कॉन्स्टेबल बाहेर बसवा. तिचा फोन विचारून बंद करा किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा. लोकेशन शेअरिंग चालू असतं, कधी कॉलच चालू असतो. तुमचा स्वतःचा फोन मात्र तिच्यासमोर बंद करा.

पहिली दहा मिनिटं

हाक कशी मारायची इथून सुरुवात होते. आपल्या भागात ताई, अक्का, वहिनी चालतं, वयस्क बाईला काकू किंवा मावशी. ‘तू’ नको, मग ती कितीही लहान असो. ‘मी तुझ्या भावासारखा आहे’ हे वाक्य टाळाच. भाऊ रात्री-अपरात्री धावून येतो, तुम्हाला ते जमणार नाही, आणि तिला ते कळतं. सरळ विचारा, ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत अजून आहे. काही जणींना सासरच्या नावाने कुणी हाक मारली की अंगावर काटा येतो. या प्रश्नाचा कागदोपत्रीही फायदा होतो: आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, दवाखान्याच्या केसपेपरवर तिसरंच. तिन्ही नावं आत्ताच नोंदवली नाहीत तर कोर्टात जखमेचा दाखला दुसऱ्याच बाईचा ठरवला जातो.

मग तुमची ओळख आणि नियम. साधारण असं:

‘मी अमुक. आज तुमचं ऐकायला तासभर वेळ ठेवलाय. मी लिहून घेईन, आणि तुम्ही म्हणाल तिथं थांबेन. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नको वाटलं तर “नंतर” म्हणा. तुम्ही सांगितलेलं मी गल्लीत कुणाला सांगणार नाही, पण केस झाली तर ते कोर्टात जाईल आणि त्यांच्या वकिलाला वाचायला मिळेल. माझी मराठी मोडकी आहे, चुकलं तर मला सुधारा.’

शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. कन्नड अधिकाऱ्यासमोर मराठी बाई आधीच दबून असते. भाषा चुकली तर हसतील, केस ‘त्यांच्या’ बाजूने जाईल, अशी भीती तिला असते. तुम्ही चूक दुरुस्त करण्याचा अधिकार तिला दिलात की बोलण्याचा तोल बदलतो. आणि पुढे तुम्ही तारीख किंवा नाव चुकीचं म्हणालात तर ती खरोखरच दुरुस्त करते, म्हणजे जबाबातली चूक तिथेच पकडली जाते. सीमावादाचा विषय चुकूनही नको, ‘तुम्ही त्या गावचे का’ एवढ्यानेही नाही.

गुप्ततेचं खोटं वचन देऊ नका. ‘तुमच्या-माझ्यात राहील’ म्हणालात आणि दोषारोपपत्राची प्रत नवऱ्याच्या वकिलाकडे पोहोचली की ती बाई पुन्हा कुणाशीच बोलत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ते दडवता येत नाही. हेही ती बोलण्याआधी सांगायचं, बोलून झाल्यावर नाही. अटकेबद्दलही खरं सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ची, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाची, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अशा गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. ‘उद्याच आत टाकतो’ म्हणालात आणि परवा तो नोटीस घेऊन घरी आला, तर मार तिलाच बसतो.

बोलू देणं

सुरुवात हिंसेपासून नको. घरात कोण कोण राहतं, मुलं कुठल्या शाळेत, सकाळ कशी सुरू होते. तिच्या उत्तरांवरून घराचा नकाशा कळतो. एक प्रश्न मी नेहमी सुचवतो: ‘गृहलक्ष्मीचे दोन हजार कुणाच्या हातात येतात?’ (कर्नाटक सरकार कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा देतं ते पैसे.) यात लाज वाटण्यासारखं काही नाही, म्हणून उत्तर चटकन मिळतं. पण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख सासू असेल तर पैसे सासूच्या खात्यात जातात. सुनेच्या नावावर असतील तरी एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. तिथून बचत गटाचं कर्ज, मायक्रो फायनान्सचा हप्ता, मोडलेलं मंगळसूत्र, विडीचा पगार असं ओघानेच येतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळ हिंसाच आहे हे तिला सहसा माहीत नसतं. तुम्ही तेव्हाच सांगितलंत की तिला वाटतं, यांना माझं कळतंय.

मग एक मोकळा प्रश्न: ‘तुम्हाला जिथून सांगायचंय तिथून सांगा.’ आणि थांबा. शांतता पडली की मनात दहापर्यंत मोजा. नवखे अधिकारी तीनवर पुढचा प्रश्न टाकतात, आणि येऊ घातलेलं वाक्य परत जातं. ‘मग?’, ‘पुढं?’, ‘ते जरा नीट सांगा’ एवढं पुरतं. मध्ये तारखा विचारू नका. रडली तर रुमाल पुढे ठेवा, खांद्यावर हात नको. विचारल्याशिवाय अंगाला हात लावणारा आणखी एक माणूस तिला नको असतो.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न गाळा. ‘इतकी वर्षं का राहिलात?’, ‘आधीच का नाही आलात?’ यांतून तिला ऐकू येतं की चूक माझी. तेच हवं असेल तर ‘त्या वेळी जाणं शक्य नव्हतं, काय आडवं येत होतं?’ असं विचारा. उत्तरात धमक्या, मुलं, माहेरचं दारिद्र्य सगळं येतं आणि ते पुरावा म्हणून उपयोगीही पडतं. ‘दारू पितो का?’ हा प्रश्न लवकर नको. तिला त्यात आयतं कारण मिळतं, ‘प्यायला की असं करतो, नाहीतर बरा आहे’, आणि जबाब तिथेच अडतो. नवऱ्याला शिव्याही घालू नका. तुम्ही ‘नालायक’ म्हणालात की ती त्याची बाजू घेते. बायको नवऱ्याला नावं ठेवते, पण परक्याने ठेवलेली तिला चालत नाहीत.

गोष्ट एकदा सलग झाली की तीन प्रसंग वेगळे काढा: पहिला, सर्वांत वाईट आणि शेवटचा. वर्षानुवर्षांच्या मारात प्रसंग एकमेकांत मिसळतात आणि ‘नेहमीच मारतो’ हे वाक्य कोर्टात टिकत नाही. प्रत्येक प्रसंगाला खोली, वेळ, कोणता हात, कोणती वस्तू, कोण होतं, नंतर कुणाला सांगितलं. ‘डोकं आपटलं’, ‘पाणी पडलं’, ‘हाताला लागलं’ असं ती बोलेल, त्यात करणारा नसतो. तिचं वाक्य पूर्ण झालं की हळूच: ‘कुणी आपटलं?’ नाव तिच्या तोंडून यायला हवं, तुम्ही पुरवायचं नाही.

तारखांसाठी तिच्या वर्षाची भाषा वापरा. नागपंचमीला माहेरी धाडलं होतं का? भात लावणी चालू होती की सुगी? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेआधी की नंतर? बेळगावातली असेल तर शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री की दुसऱ्या दिवशी? मग मागच्या दोन-तीन वर्षांची कॅलेंडरं काढून तारीख बसवा. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर स्टेशनात फेकू नका. आणि जबाबात दोन्ही लिहा: ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अमुक तारखेस’. नुसती तारीख लिहिलीत तर उलटतपासणीत ‘तुम्हाला तारीख आठवते कशी’ या प्रश्नावर ती अडखळते.

अवघड प्रश्न

गळ्याचा प्रश्न वेगळा विचारा, कारण ती आपणहून सांगत नाही. तिच्या दृष्टीने ‘मारलं’ म्हणजे काठी, पट्टा, लाथ. गळा धरणं हे त्यात येत नाही. ‘कधी गळ्याला हात लावला? श्वास कोंडला? डोळ्यांपुढं अंधारी आली? कपड्यातच लघवी झाली?’ गळ्यावर वळ नसणं हे नेहमीचं आहे. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके ही खूण. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा असेल तर काही दिवसांनीही झटका येऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी बिम्स (बेळगावचं सरकारी रुग्णालय) किंवा तालुका रुग्णालयात पाठवा आणि डॉक्टरांना ‘गळा दाबला’ असं स्पष्ट लिहून द्या.

अमेरिकन संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात बायकोच्या खुनाचा धोका ओळखण्यासाठी प्रश्नांची यादी तयार केली. त्यातले निम्मे प्रश्न आपल्याकडेही जसेच्या तसे लागू पडतात: मार वाढत चाललाय का, जिवे मारण्याची धमकी, गरोदरपणात मार, हत्यार, नुकतंच घर सोडणं, ‘तो तुम्हाला मारून टाकेल असं वाटतं का?’ या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर पुढचा जबाब नंतर. आधी आज रात्री ती कुठे झोपणार ते ठरवा.

लैंगिक जबरदस्तीचा विषय पायऱ्यांनी घ्या. ‘दोघांत बोलणं आहे का? तुम्हाला नको असताना जवळ येतो का? नको म्हटलं तर काय होतं?’ हे विचारणारी महिला अधिकारीच हवी आणि त्या वेळी लिहिणारा पुरुषही खोलीत नको. इथेही खरं सांगायचं: १८ वर्षांवरील पत्नीशी पतीचा संबंध न्याय संहितेच्या कलम ६३ च्या अपवादामुळे बलात्कारात मोडत नाही. दोघं विभक्त राहत असतील तर कलम ६७ लागतं, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ कोणत्याही परिस्थितीत येतो. एवढं नीट समजावून सांगितलं तर ‘मग बोलून काय उपयोग’ असं तिला वाटत नाही.

माहेरची गर्दी

सासरच्यांना बाहेर ठेवायला सगळे शिकतात. माहेरच्यांना कुणी बाहेर ठेवत नाही, आणि निम्म्या केसेस तिथे बिघडतात असं माझं मत आहे. वडील, मामा, गावचे पंच, एखादा नगरसेवक असे जण बरोबर येतात. वडील तिच्या वतीने बोलतात, भाऊ सासू-सासरे, तिन्ही नणंदा, पुण्यातला दीर, सगळ्यांची नावं घालायला लावतो. तिला त्यातल्या दोघांविषयीच सांगायचं असतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कहकशां कौसर प्रकरणात नातेवाइकांवरचे असे सरसकट, मोघम आरोप रद्द केले. मोघम नावं घातली की खरा आरोपही पातळ होतो, आणि ज्या नणंदेने एकदा तिला दार उघडून दिलं होतं तीच साक्षीदार आरोपी होऊन बसते.

म्हणून बरोबर आलेल्यांचा मान राखून त्यांना वेगळं बसवा: ‘मामा, तुमचंही ऐकणार आहे, पण आधी ताईंचं एकट्याचं.’ एकटी असताना विचारा: ‘घरचे काय म्हणतात ते कळलं. तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?’ बहुतेकींचं उत्तर ‘मारणं थांबावं, संसार मोडू नये’ असं असतं. ही टाळाटाळ नसते, तिची खरी मागणी असते. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे: कलम १८ चा संरक्षण आदेश, १९ चा निवासाचा, २० चा पैशाचा, आणि घरात राहण्याचा हक्क कलम १७ प्रमाणे. मॅजिस्ट्रेटने पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यायची आणि ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करायचा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून लांबतं हेही सांगा. आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कर्नाटकात तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे सीडीपीओ, संरक्षण अधिकाऱ्याचं काम बघतात. नुसतं ‘तिकडं जा’ म्हणू नका, फोन तिच्यासमोर लावा. फौजदारी आणि दिवाणी दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवा आणि निवड तिला करू द्या.

लिहिणं

स्टेशनचा कागद कन्नडमध्ये, बोलणं मराठीत. इथे विश्वास सर्वांत लवकर तुटतो, कारण आपण काय बोललो ते कागदावर काय झालं हे तिला वाचता येत नाही. धमकीची, शिवीची आणि मारहाणीची मुख्य वाक्यं तिच्याच मराठीत, देवनागरीत, अवतरणचिन्हांत लिहा आणि खाली कन्नड अर्थ द्या. या भागातल्या पुष्कळ बायका ‘मी गेलो, मी पडलो’ असं बोलतात. ते ‘शुद्ध’ करू नका, पण कोण बोलतंय हे कंसात नोंदवा. नाहीतर भाषांतर करणारा ते नवऱ्याचं वाक्य समजतो. दुभाषा लागला तर नातेवाईक नको, मूल तर मुळीच नको. महिला कॉन्स्टेबल असेल तर तिचं नाव जबाबात यावं.

पूर्ण झालं की मराठीत हळू वाचून दाखवा आणि मुद्दाम विचारा, ‘यात काय चुकलं?’ ‘बरोबर आहे ना?’ विचारलंत तर ती मान हलवते. फिर्यादीवर तिची सही किंवा अंगठा घ्या, प्रत फुकट द्या. पण नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १८० खालच्या (तपासात घेतलेल्या) जबाबावर सही घ्यायची नसते, हे तिला सांगा. नाहीतर बाहेर मामा म्हणतो, ‘सही घेतली नाही म्हणजे दाबलं.’ जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण शक्य आहे, पण कॅमेरा लावण्याआधी तिला विचारा आणि कुणाकडे जाईल ते सांगा.

माहेर गडहिंग्लज किंवा चंदगडचं आणि सासर निपाणी-हुक्केरीचं, किंवा उलट, हे इथे रोजचं आहे. ‘तुमचं स्टेशन हे नव्हे’ एवढ्या एका वाक्याने सगळं संपतं. हद्द नसली तरी झिरो एफआयआर घेता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या रूपाली देवी निकालाप्रमाणे छळाची तक्रार ती आश्रयाला आली त्या ठिकाणीही दाखल होते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २७ तर तात्पुरत्या राहण्याच्या जागेवरही अर्ज चालवतं आणि आदेश देशभर लागू होतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातला मराठी केसपेपर असेल तर भाषांतराची सोय तुम्ही करा, तिला फेऱ्या मारायला लावू नका. आधार अजून महाराष्ट्राच्या पत्त्यावर असेल तर तिला कर्नाटकच्या शक्ती योजनेचा मोफत बसप्रवास मिळत नाही; तारखेला बोलावताना तिकिटाचा विचार करा.

जळालेली बाई

हा भाग वेगळा आणि घाईचा. दाखल करणारे सासरचे असतात, म्हणून केसपेपरवर ‘स्टोव्हचा भडका’ आधीच लिहिलेलं असतं, आणि उशाशी सासू. नातेवाइकांना कॉरिडॉरच्या टोकाला पाठवा. पडद्याआड उभं राहिलेलं पुरत नाही. डॉक्टरांकडून शुद्धीचा (ती शुद्धीवर असून बोलू शकते असा) शेरा घ्या, मॅजिस्ट्रेटला बोलवा. २००२ च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र निकालाप्रमाणे शेरा नसला तरी नोंदवणाऱ्याची खात्री पटली तर मृत्युपूर्व निवेदन चालतं, पण शेऱ्यावाचून जाऊ नका. प्रश्न थोडे: नाव काय, तुम्ही कुठे आहात, काय झालं, कुणी केलं. उत्तर तिच्याच शब्दांत, अर्धवट असलं तरी अर्धवटच. तिला मुलांची काळजी असते, ‘मी बोलले तर पोरं कुणाकडं?’ मुलं आत्ता कुणाकडे आहेत याची माहिती काढूनच खोलीत जा. तेवढं उत्तर मिळालं की पुष्कळदा पहिला आणि दुसरा जबाब वेगळा येतो. दोन्ही ठेवा, पहिला फाडू नका.

‘मिटलं’ म्हणते तेव्हा

तिला खोटारडी ठरवू नका. मधल्या आठ दिवसांत काय झालं ते विचारा: कोण आलं, बैठक झाली का, मुलाला ठेवून घेतलं का, पैसे देऊ केले का? उत्तर तारखेसह नोंदवा. धमकी असेल तर तो नवा प्रसंग आहे. दोघांना समोरासमोर बसवून ‘समज’ देण्याची पद्धत बंद करा. तिथे ती जे बोलते ते घरी गेल्यावर तिलाच ऐकवलं जातं. ‘परत यायचं झालं तर पहिल्यापासून सांगावं लागणार नाही, कागद माझ्याकडे आहेत’ असं सांगून सोडा आणि तसंच करा. बदली झाली तर पुढच्या अधिकाऱ्याला फाईल हातात देऊन, बाईचं नाव घेऊन सांगा.

निघण्याआधी पुढच्या संपर्काची वेळ आणि पद्धत ठरवा: कोणत्या नंबरवर, किती वाजता, दुसऱ्याने उचलला तर तुम्ही कोण म्हणून बोलणार. कागदाची चिठ्ठी देऊ नका. महिला हेल्पलाइनचा १८१, तातडीच्या मदतीचा ११२ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हे तोंडपाठ करून घ्या. आधार, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले कुठे आहेत आणि एक जोड कुणाकडे ठेवता येईल ते विचारा. बुधवारी चारला फोन करतो म्हणालात तर बुधवारी चारलाच करा, सांगायला काही नसलं तरी.

जखमांचे फोटो महिला कर्मचाऱ्याने, तिच्या संमतीने: एक चेहरा दिसेल असा, एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं. मुका मार दोन-तीन दिवसांनी काळानिळा होतो, म्हणून दुसऱ्या भेटीत त्याच उजेडात पुन्हा काढा. कोणत्या फोनवर काढले ते तिथेच लिहून ठेवा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र त्याच फोनसाठी लागणार आहे.